बारा चौकटी, अकरा पट्ट्या

चौकटी बारा, प्रत्येकीत एक शिष्य. द्राक्षांचे घोस चोवीस. देवदूत सहा, पण पंख अकरा. बारावा कुणी मोडला यावर घरात तीन मतं होती, आणि भावंडंही तीनच होती. मोठे स्क्रू शहाण्णव, पैकी चार नवे. जोडपट्ट्या अकरा, त्यांचे बारीक खिळे अठ्ठ्याऐंशी, सरळ करून एका डब्यात. चौकटींमागून निघालेली जुनी फडकी सहा पोती. ती मोजदादीत धरलेली नव्हती.

थोरल्याने यादी दुसऱ्यांदा वाचली, पेन्सिल कानावर खोचली आणि चर्चच्या बाकांवर आडव्या मांडलेल्या चौकटींकडे पाहिलं. आप्पांनी एकोणीस वर्षं खपून कोरलेलं हे काम वेदीमागच्या भिंतीवर त्याच्या आठवणीत कायम उभं होतं. छप्पर गळून भिंतीत ओल उतरली तेव्हा त्यानेच ते उतरवलं, कीड मारली, एकेक दाढी आणि एकेक द्राक्ष ब्रशने साफ केलं, लाकडाला तेल पाजलं. त्यात दोन महिने गेले. आता भिंतीला नवा गिलावा होता, त्यावर पांढरा रंग होता, आणि चौकटी परत लावायच्या की नाही यावरून घरात जुंपली होती.

पंचांनी हात वर केले होते. "काम तुमच्या वडिलांनी दिलं. तिघं भावंडं मिळून एका कागदावर सही करा, मंडळी ऐकेल. पण उद्याच्या उपासनेच्या आत," असं म्हणून ते निघून गेले, आणि जाताना त्यांच्या चेहऱ्यावर दुसऱ्याच्या घरचं भांडण दुरून बघायला मिळणार याचं समाधान होतं.

थोरल्याला काय हवंय हे त्याला कुणी विचारलं नव्हतं आणि त्यानेही सांगितलं नव्हतं. आप्पा गेल्यावर त्यांची हत्यारं त्याच्याकडे आली, पण आप्पा स्वतः या भिंतीवर राहिले होते असं त्याला वाटायचं. चौकटी होत्या तिथे, होत्या तशा, पट्ट्यांसकट परत बसवायच्या. बस्स. एवढं तोंडाने म्हणायला त्याला दोन महिने पुरले नव्हते.

सगळ्यांत आधी धाकटा आला. तो याच चर्चचा पाळक. आत आल्याआल्या तो मधल्या वाटेत थांबला, पांढऱ्या भिंतीकडे पाहून त्याने असा श्वास सोडला की जणू कुणी त्याच्या बुटांच्या नाड्या सैल केल्या.

"दादा, बघ की जरा. डोळ्यांना किती निवांत वाटतं."

"भिंत आहे," थोरला म्हणाला.

"तेच तर. भिंत आहे, क्रूस आहे, टेबल आहे. आणखी काय लागतं?"

"तुला उत्तर हवंय की तू उपदेश करतोयस?"

दारातून मधलीचा आवाज तिच्या आधी आत आला. "मी आले हो! सुरू नाही ना केलंत माझ्याशिवाय?"

"तुझ्याशिवाय भांडायचं कुणाशी, ताई?" धाकटा म्हणाला.

मधलीचं शिवणकामाचं दुकान होतं आणि रविवारी ती चर्चचं गायनमंडळ चालवायची. दोन्हीकडे सारखंच, म्हणजे समोरच्याने हलायचं नाही. तिच्या हातात सोनेरी वर्खाची चपटी वही होती. ती तिने सरळ बाकावरच्या एका शिष्याच्या, पेत्राच्या, छातीवर ठेवली.

"चोवीस घोसांना पुरेल एवढा वर्ख आहे. देवदूतांच्या पंखांना कडेकडेने लावू."

"वर्ख?" धाकट्याचा आवाज चढला. "अगं, मी चौकटीच नको म्हणतोय आणि तू त्यांना दागिने करायला निघालीस?"

"मग काय, नुसती पांढरी भिंत? पांढऱ्या भिंती दवाखान्यात असतात. माणूस तिथून कधी एकदा बाहेर पडतो असं करतो."

"देवाला नटवावं लागत नाही, ताई."

"देवाला नाही लागत. मला लागतं. घरी मोठा पाहुणा येणार तर आपण आवरून बसतो की नाही? पाहुणा म्हणतो का, आवरा?"

थोरला सुताराच्या सवयीने बोलणाऱ्यांकडे न पाहता लाकडाकडे बघत होता. त्याची बायको आणि मुलगी आईला दोन्ही बाजूंनी धरून आत येत होत्या. आईला धरायची गरज नव्हती, पण तिला कुणी धरलेलं आवडायचं. ती डावीकडच्या ओळीत, पुढून नवव्या बाकावर, भिंतीकडच्या टोकाला बसली. तिची जागा ती. शेजारची जागा आप्पांची, आणि तिथे अजून कुणी बसत नसे.

वहिनीने थर्मास उघडला. मुलीने पिशवीतून मोबाइल, एक वही आणि कोऱ्या कागदांचा गठ्ठा काढला. याच वर्षी ती भौतिकशास्त्र शिकून पदवीधर झाली होती, पण घरात तिला मोजपट्टी म्हणायचे ते त्याच्या कितीतरी आधीपासून. चहा किती मिनिटांत निवतो हे तिने एकदा सात प्रकारच्या कपांत मोजलं होतं, आणि आठ दिवस सगळ्यांना कोमट चहा प्यावा लागला होता.

"मला एक खरं बोलू द्या," धाकटा म्हणाला. त्याचा आवाज आता व्यासपीठावरचा नव्हता. "लहानपणी मी इथे दर रविवारी बसलो. पेत्राच्या दाढीत किती वळणं आहेत ते आजही सांगतो. सदतीस. पण त्या सगळ्या वर्षांतला एक उपदेश मला आठवत नाही. एकसुद्धा. चौकटी उतरेपर्यंत मी तिथे भाकर हातात घेऊन उभा राहायचो आणि मला दिसायचं, मागच्या पोरी द्राक्षं मोजतायत. त्यांचा दोष नाही. आप्पांनी कोरलंयच तसं."

 हे बोलणं थोरल्याला लागलं, आणि पटलंही, आणि दोन्ही एकदम झालेलं त्याला आवडलं नाही.

"मी मोजायचे ती द्राक्षं," मधली म्हणाली. "उपदेश पाऊण तासाचा असायचा. द्राक्षं नसती तर मी दहाव्या वर्षीच देवाला रामराम ठोकला असता. एकेका द्राक्षाला एकेका माणसाचं नाव द्यायचे आणि त्याच्यासाठी प्रार्थना करायचे. तुझा गोवर त्यातल्याच एका द्राक्षाने बरा केलाय."

"आई, तू तरी सांग हिला," धाकटा नवव्या बाकाकडे वळला. "भिंत मोकळी झाल्यावर तूच म्हणालीस ना, छान वाटतं?"

"छान दिसतं म्हणाले," आई म्हणाली. "ऐकू येतं असं कुठे म्हणाले?"

"म्हणजे?"

"म्हणजे चौकटी उतरल्यापासून तू काय बोलतोस ते मला कळत नाही. घुमतं नुसतं. हात हलतात ते दिसतात."

"अगं पण तू मान डोलावतेस! डोळे पुसलेस मागच्या रविवारी!"

"मग काय करू? पाळकाची आई मी. मीच नाही डोलावली तर बाकीचे कशाला डोलावतील?"

मधली एवढ्या मोठ्याने हसली की ते हसू छतापर्यंत गेलं आणि बऱ्याच वेळाने खाली आलं. मोजपट्टीने मान वर केली. तिने बाबांच्या पेटीतली दोन फळकुटं उचलली, मोबाइल आवाज मोजायला लावून बाकावर ठेवला, आणि म्हणाली, "सगळे गप्प बसा. श्वाससुद्धा हळू."

फळकुटं एकमेकांवर आपटली. फाट्‌कन आवाज झाला आणि भिंती तो एकमेकींकडे टोलवत राहिल्या.

"तीन पूर्णांक आठ सेकंद," मुलगी वहीत लिहीत म्हणाली. "काका, तुम्ही एक शब्द बोलता तो जायच्या आत पुढचे आठ-दहा शब्द त्याच्या अंगावर येऊन पडतात. आजीने त्यातला कोणता उचलायचा?"

"मग आता काय, बोलायचंच नाही?"

"आता परीक्षा. व्यासपीठावर उभे राहा आणि हे वीस शब्द वाचा. आजी, जो ऐकू येईल तो लिही."

धाकट्याने कागद पाहिला. "बादली, सुई, अंतर, पायरी... हे काय? एखादं वचन देतो की."

"वचनं आजीला पाठ आहेत. ऐकू न येताही लिहील. हे शब्द एकमेकांशी बोलत नाहीत, म्हणून अंदाजाने लिहिता येत नाही."

धाकट्याने वीस शब्द वाचले, प्रत्येकाला उगाच थोडा भावही दिला. आईने चष्मा लावून मन लावून लिहिलं. मोजपट्टीने तपासलं: वीसपैकी सहा बरोबर. आठ चूक, सहा कोरे. आणि तळाला, कुणी न सांगता, एक ओळ जास्तीची: हात खिशातून काढ.

धाकट्याने हात खिशातून काढला. मग तो पुढच्या बाकावर बसला. वीस वर्षं तो उपदेश करत होता, आणि त्याच्या डोक्यात दर रविवारी ज्या एका बाकापर्यंत पोहोचायचं असायचं तो नववा होता. हे थोरल्याला माहीत होतं, कारण बाकी कुणाला नाही तरी मोठ्या भावाला ते दिसायचंच.

"सहा," धाकटा म्हणाला.

"माझं काय होतं बघू दे," मधली म्हणाली. गायनमंडळ दोन महिने बाहेरच्या खोलीत सराव करत होतं. रिकाम्या चर्चमध्ये ती एकटी गायलीच नव्हती. ती पायरीवर चढली आणि एका जुन्या गीताची एकच ओळ तिने सोडली. शेवटचा सूर तिने थांबवला, पण तो थांबला नाही. तो वर गेला, पसरला, आणि तिचा एकटीचा आवाज सात-आठ जणींचा होऊन परत आला.

मधली तोंड उघडं ठेवून उभी राहिली. घरातल्या कुणी हा प्रकार पूर्वी पाहिलेला नव्हता.

"पुन्हा एकदा," ती स्वतःशीच म्हणाली. पुन्हा एकदा झालं. तिसऱ्यांदाही झालं.

खाली उतरली तेव्हा तिने पेत्राच्या छातीवरून वर्खाची वही उचलली आणि पिशवीत टाकली. "भिंत राहू द्या मोकळी," ती म्हणाली. "साधेपणात एक काहीतरी असतं."

"अजिबात नाही," धाकटा उठला. "चौकटी आजच्या आज वर गेल्या पाहिजेत. आप्पांचं काम आहे ते. सौंदर्याला काही किंमत आहे की नाही?"

दोघं एकमेकांकडे बघत राहिली. वहिनी चहा ओतता ओतता अशी हसत सुटली की अर्धा कप बशीत गेला. "अहो, ऐकलंत का? दोघांनी कूस बदलली, पण भांडण काही झोपू देत नाहीत."

थोरल्यालाही हसू आलं. धाकट्याचं मत फिरलं म्हणजे आता आपलं काम सोपं असं त्याला वाटलं. त्याने स्क्रूड्रायव्हर उचलला.

"थांबा बाबा," मोजपट्टी म्हणाली. ती एक चौकट उभी करून तिची मागची बाजू बघत होती. "ही आतून पोकळ आहे. चार बोटं खोल. यात काय होतं?"

"फडकी. जुनी पांघरुणं कोंबली होती. ओल लाकडाला लागू नये म्हणून असतील. काढून पोत्यात भरली. टाकायला दिली तुझ्या आईकडे."

सगळ्यांनी वहिनीकडे पाहिलं. वहिनीने आयुष्यात काही टाकलेलं नव्हतं. "धुतली," ती म्हणाली. "तीन पाणी. वाळवून, घड्या घालून ठेवलीत. चांगली लोकर आहे, कशाला टाकायची?"

"ओलीसाठी नव्हती ती," आई नवव्या बाकावरून म्हणाली. "माझ्यासाठी होती."

ती सहसा गोष्टी सांगत नसे, म्हणून सगळे तिच्या बाकाभोवती जमले. आप्पांच्या जागेवर कुणी बसलं नाही. मधली बाकाच्या पाठीवर टेकली, धाकटा चक्क खाली बसला.

"धाकट्या, तू पोटात होतास तेव्हा मला ताप आला, कान कमी झाले. तेव्हा इथे अशीच भिंत होती, पांढरी. मी घरी जाऊन रडले, म्हटलं, आता उपासनेला नुसतं बसायचं. हे काही बोलले नाहीत. घरातली जुनी पांघरुणं उचलली, फळ्यांचे बारा खोके केले, त्यात भरली, भिंतीला टांगली. पुढच्या रविवारी मला ऐकू आलं."

"आणि शिष्य?" मोजपट्टीने विचारलं.

"शिष्य मागाहून. नुसत्या फळ्या बघून लोक म्हणायचे, देवळात वखार उघडली काय? मग यांनी एक फळी कोरायला काढली. ती झाली तर बाकीच्या उघड्या वाटायला लागल्या. तो पेत्र आहे ना, त्याला माझ्या भावाचं नाक आहे. भावाला आवडलं नव्हतं."

धाकटा गुडघ्यांवर हनुवटी टेकून ऐकत होता. "म्हणजे मी ज्याला थाटमाट म्हणत होतो..."

"गरज होती," आई म्हणाली. "वर कोरीवकाम. चिवट माणूस होता तो. हाती घेतलं की सोडायचा नाही."

मोजपट्टी मघापासून चर्चच्या दोन्ही टोकांकडे आळीपाळीने बघत होती. "एक सांगू? आवाज घुमणं कमी करायला चौकटी पुढेच लावायला हव्यात असं नाही. लोकर पुढे असली काय, मागे असली काय, ती आवाज गिळणारच. काकांना पुढची भिंत मोकळी हवी, आजीला ऐकू यायला हवं. मागच्या भिंतीवर लावा. दाराच्या अलीकडे सहा, पलीकडे सहा."

धाकट्याचा चेहरा उजळला. "म्हणजे लोकांसमोर फक्त क्रूस."

"आणि तुझ्यासमोर बारा शिष्य," मधली म्हणाली. "दर रविवारी टक लावून बघणार तुझ्याकडे. तेही बिना पापणीचे."

"उपदेश लांबला की कळेल त्याला," आई म्हणाली.

थोरला उठून उभा राहिला. "नाही," तो म्हणाला.

इतका वेळ तो जवळजवळ बोललाच नव्हता, म्हणून तो एक शब्द खुर्ची पडल्यासारखा ऐकू आला.

"ते एक काम आहे. सलग. बारा जण एका ओळीत. मधे दार घालून सहा-सहा करायचे म्हणजे आप्पांचं काम मोडायचं. मी नाही मोडणार. दुसरा सुतार बघा."

"दादा..." धाकटा म्हणाला.

"तुम्हाला पांढरं हवं, पांढरं घ्या. सोनेरी हवं, सोनेरी घ्या. सकाळपासून तुम्ही दोघं त्याची वाटणी करताय. मी दोन महिने त्यातली एकेक भेग भरली. ते जसं होतं तसं वर जाईल, नाहीतर माझ्या कारखान्यात राहील."

 मोजपट्टीने चौकट अलगद खाली ठेवली. "बाबा, मोडायला लागतच नाही," ती हळूच म्हणाली. "प्रत्येकीला मागे स्वतःचे दोन हूक आहेत. आजोबांनी त्या एकमेकींना जोडलेल्याच नव्हत्या. जोडलंय ते फक्त पट्ट्यांनी."

थोरल्याने पट्ट्यांकडे पाहिलं. अकरा पट्ट्या, अंगठ्याएवढ्या रुंद, रंधून आरशासारख्या गुळगुळीत. त्या त्याच्या हातच्या होत्या. सव्विसाव्या वर्षी, आप्पांचे हात थरथरायला लागले होते तेव्हा, त्याला वाटलं होतं की चौकटींमधल्या बोटभर फटी म्हणजे म्हाताऱ्याची राहून गेलेली चूक. आप्पा गावाला गेले असताना त्याने एका दिवसात सगळ्या फटी बुजवल्या. परत आल्यावर आप्पांनी पट्टीवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "चांगली रंधलीस." तेवढी शाबासकी त्याला तीस वर्षं पुरली होती.

"फटी कशासाठी होत्या?" त्याने मुलीला विचारलं. पण त्याला उत्तर आधीच दिसायला लागलं होतं, जसं लाकूड चिरण्याआधी त्याची शीर दिसते.

"आवाजाला लोकरीपर्यंत जायला वाट नको का?"

थोरला आईकडे वळला. "आई, पट्ट्या लावल्यावर तुला कमी ऐकू यायला लागलं?"

आईने पदराने चष्मा पुसला. बराच वेळ पुसला. "जरा. म्हटलं, वय झालं."

"आप्पांना माहीत होतं?"

"त्यांनीच ओळखलं. म्हणाले, तू पुढच्या बाकावर बस. मी म्हटलं, माझी जागा मी का सोडू? पट्ट्या काढा. तर म्हणाले, पोराने आपणहून केलेलं हे पहिलं काम आहे, त्याला हात नाही लावायचा." तिने चष्मा डोळ्यांवर चढवला. "मग आम्ही दोघं घरी जाऊन भांडलो. तेव्हापासून उपदेशात काय होतं ते वाटेने चालताना ते मला सांगायचे. त्यांच्या तोंडून तो बराच लहान व्हायचा. मला काही तोटा झाला नाही."

मधली नाक ओढत म्हणाली, "आता मला रडवू नका, माझा आवाज बसतो."

थोरल्याने कानावरची पेन्सिल काढली, कशासाठी ते विसरला, परत ठेवली. मग त्याने टेप उचलला आणि मागच्या भिंतीकडे गेला. दाराच्या डावीकडे तीन मीटर पासष्ट सेंटिमीटर. उजवीकडे तेवढेच. सहा चौकटी साठ-साठच्या, आणि त्यांच्यामधल्या पाच फटी एकेक सेंटिमीटरच्या. त्याने बेरीज फळकुटावर केली, दोनदा केली, आणि फळकूट मुलीकडे दिलं.

"बसतं," तो म्हणाला. "केसाला धक्का न लावता बसतं. घरून ती पांघरुणं आण."

पुढचे तीन तास चर्चमध्ये उपासना सोडून सगळं झालं. वहिनीची घडी घातलेली पांघरुणं मधलीने बोटांनी चाचपून दाट आणि विरळ अशी निवडली आणि चौकटींत भरली. धाकट्याने अंगरखा काढून बाकावर टाकला आणि शिष्यांना एकेक करून काखोटीला धरून नेलं. पेत्र नेताना त्याच्या बोटावर पडला, आणि पाळकांच्या तोंडून जे निघालं ते आईला पोहोचलं नाही, हे त्या दिवशी बरंच झालं. थोरला भिंतीला हूक ठोकत होता. संपूर्ण वेळ आई नवव्या बाकावरून डावा शिष्य वर, उजवा खाली, असं सांगत होती, आणि तिचं बरोबर निघत होतं.

बाराही जण उभे राहिले. थोरल्याने मोजपट्टीला थांबवलं. "आधी पट्ट्या लावून मोज. मग काढून."

"बाबा, कशाला? आपल्याला माहीत..."

"माहीत नाही. वाटतंय. मोज."

दाराच्या दोन्ही बाजूंना मिळून दहाच पट्ट्या लागत होत्या. त्याने त्या हातानेच बसवल्या, खिळे न मारता, वरच्या टोकाला चिकटपट्टी लावून. फळकुटं वाजली. दोन पूर्णांक नऊ. त्याने स्वतः एकेक पट्टी काढली, सगळ्या एकत्र करून सुतळीने बांधल्या. फळकुटं पुन्हा वाजली. दोन पूर्णांक एक.

"बघितलंस?" धाकटा म्हणाला.

थोरल्याने बांधलेल्या पट्ट्यांवरून बोट फिरवलं. "रंधल्या चांगल्या होत्या," तो हसत म्हणाला, आणि त्याच्या बायकोला त्या हसण्यात आप्पा दिसले. ती तसं म्हणालीही.

"एक मिनिट," मधली म्हणाली. "दोन पूर्णांक एक म्हणजे माझं काय? माझा सूर पायरीवरून उतरायच्या आत मरणार. तीन ठेवा."

"तीन? आईला काय ऐकू येईल? दीड हवं."

"दीड? मग कपाटात बसून गाते ना मी."

"दोन."

"पावणेतीन. आणि वर्ख लावणार नाही, वचन देते."

"वर्ख तसाही लावणार नव्हतीस!"

"अरे, दोन चौकटींतली लोकर काढू," थोरला धाकट्याला म्हणाला. "मग बघू किती होतं. पण निकाल आई देईल, मगच पंचांच्या कागदावर सह्या. आईला ऐकू आलं तर तू गप्प, नाही आलं तर ती गप्प."

दोन चौकटींतली पांघरुणं निघाली. वहिनीने ती लगेच घडी घालून पिशवीत ठेवली. दोन पूर्णांक चार. मधलीने पायरीवर जाऊन एक सूर सोडला, डोकं एका बाजूला कलवून ऐकलं, आणि तोंड वाकडं करून मान हलवली, म्हणजे चालेल.

मोजपट्टीने नवे वीस शब्द लिहिले, जुन्यांपैकी एकही न घेता. खिडकीतलं ऊन एव्हाना मागच्या भिंतीवर पोहोचलं होतं आणि पेत्राच्या दाढीतली वळणं, पुढे होती तेव्हा कधी दिसली नव्हती इतकी, उठून दिसत होती. थोरल्याने ते पाहिलं. तो नवव्या बाकापाशी गेला.

"बस की," आई म्हणाली आणि शेजारची जागा तिने हाताने झटकली.

तो आप्पांच्या जागेवर बसला.

धाकटा व्यासपीठावर चढला. समोर मागच्या भिंतीवर बाराही जण त्याच्याकडे बघत होते. त्याने खिशात घातलेले हात बाहेर काढले, घसा साफ केला, आणि नेहमीच्याच आवाजात, भाव न देता, शब्द वाचले. आई प्रत्येक शब्दाला थांबत होती, लिहीत होती, पुढच्याची वाट बघत होती. तिची पेन्सिल लाकडाच्या बाकावर टेकल्याचा आवाजसुद्धा थोरल्याला ऐकू येत होता.

मोजपट्टीने कागद घेतला आणि यादीशी एकेक शब्द ताडून पाहिला. मग वहीत तारीख लिहिली, आणि तिच्याखाली: चौकटी बारा, मागच्या भिंतीवर. लोकर दहांत. पट्ट्या नाहीत. नववा बाक, डावीकडे.

वीसपैकी अठरा.